तांबे, बाग आणि आपला धंदा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी शिक्षणाविषयी लिहितो, कोणी वधूवरांच्या प्रश्नाविषयी, तर कोणी कुलदैवताच्या यात्रेविषयी. धंद्याविषयी मात्र आपण फारसे लिहीत नाही. ज्या धंद्याने आपल्याला 'तांबट' हे नाव दिले, त्याचा विषय निघाला की 'त्यात आता काही राहिले नाही' एवढे बोलून आपण तो मिटवतो. यंदा त्याच विषयावर चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. निमित्त आमच्या एका लहानशा दुकानाचे आहे. काही वर्षांपासून आम्ही घागरी व बंब यांच्या जोडीला बागकामाची तांब्याची हत्यारे करून विकू लागलो आहोत. झारी, हातखुरपे, रोपे लावण्याचे खोरणे, पानांवर पाणी शिंपडण्याची पिचकारी असा तो माल आहे.

दुकान सुरू केले त्या दिवसापासून आम्हांला एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागला. तांब्याचा आणि बागेचा संबंध काय? तांबटाने घागर घडवावी, पातेले घडवावे. खुरपे हे तर लोहाराचे काम! हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारला तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु आपल्याच वडीलधाऱ्या मंडळींनी तो विचारला तेव्हा त्याचे उत्तर शोधणे भाग पडले. ते शोधताना आम्हांला जो थोडाफार इतिहास हाती लागला, आणि त्या इतिहासाकडे आधी दुर्लक्ष केल्यामुळे जे नुकसान सोसावे लागले, ते दोन्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभ आपल्याच भूमीपासून करू. प्रवरेच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शांताराम देव यांनी उत्खनन केले, तेव्हा तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी व एक बांगडी सापडली. या गावावरूनच त्या काळच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. तिचा काळ सुमारे तीन हजार वर्षांमागचा, लोखंड प्रचारात येण्यापूर्वीचा होय. पुढे १९६८ पासून शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठी इनामगाव येथे दीर्घकाळ उत्खनन झाले. तेथील लोक जव पिकवीत, आणि त्यांनी पाण्यासाठी बांध व पाट काढला होता, असे संशोधकांना दिसून आले. तात्पर्य, ज्या काळी महाराष्ट्रात पाटाचे पाणी पिकाला मिळू लागले होते, त्या काळी धातू म्हणून माणसाच्या हाती तांबेच होते.

तथापि येथे एक गोष्ट अभिमानाच्या भरात विसरता कामा नये. या वस्त्यांतून दगडाची लहान पाती विपुल सापडतात आणि तांब्याच्या वस्तू मोजक्याच सापडतात. तांबे दुर्मीळ होते, महाग होते, आणि ते नरमही होते. कापणी, सोलणी यांसारखी रोजची कामे माणूस दगडी पात्यांनीच करीत असे. तांब्याची कुऱ्हाड हे तेव्हाही मोलाचे, जपून ठेवण्याचे हत्यार होते. म्हणजे शेतीचे सारे काम एके काळी तांब्यानेच होत असे, असे जर कोणी सांगू लागला तर ते खरे मानू नये.

पुढे लोखंड आले. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरी व नायकुंड येथे जी शिळावर्तुळे आहेत, त्यांतील दफनांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या इत्यादी हत्यारे मिळाली. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच आढळली. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्याच काळच्या त्याच दफनांतून तांब्याच्या वस्तूही निघाल्या आहेत. झाकणांची भांडी आणि घोड्याच्या मुखावर बांधावयाचे अलंकार. लोखंड आल्यावर तांबे नाहीसे झाले नाही. दोघांनी कामे वाटून घेतली. तोडण्याचे व खणण्याचे कष्टाचे काम लोखंडाकडे गेले. पाणी धरणे, अन्न ठेवणे आणि शोभा आणणे हे तांब्याकडे राहिले. ही वाटणी त्या काळी झाली, ती पुढे अडीच हजार वर्षे टिकली, आणि आपल्या पूर्वजांचे पोट तिच्यावरच चालले.

आपण स्वतःला त्वष्टा कासार म्हणवितो. ऋग्वेदात इंद्राचे वज्र घडविणारा म्हणून ज्याचा उल्लेख येतो, त्या त्वष्ट्याचे नाव आपण मिरवतो. आपली देवी कालिका. पावागडाकडून कोकणात व कोकणातून पेशवाईत पुण्यास आपले पूर्वज आले अशी परंपरा घरोघर सांगितली जाते, आणि कसब्यातील तांबट आळी व तेथील कालिकेचे देऊळ आजही त्या परंपरेची साक्ष देतात. पेशवाईत पुणे वाढले ते पाण्याच्या आधाराने. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजचे तळे बांधून नळाने पाणी शहरात आणले गेले आणि वाड्यावाड्यांतून हौद भरू लागले. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, हिराबाग झाली. जेथे हौद तेथे घंगाळ, घागर, कळशी, तांब्या आणि झारी यांची गरज असावयाचीच. वाड्याच्या चौकातील तुळशीला पाणी घालावयाचे ते तांब्याच्या भांड्यानेच. बागेशी आपला संबंध नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, बागेचे पाणी आपल्याच हातचे होते. माती मात्र आपल्या हातची नव्हती.

या धंद्याला लागणारा कच्चा माल मात्र आपल्या घरचा कधीच नव्हता, ही गोष्टही स्पष्ट सांगितली पाहिजे. सतराव्या व अठराव्या शतकांत डच व्यापारी जपानचे तांबे जहाजांनी भारतात आणून विकीत. पुढे ईस्ट इंडिया कंपनी इंग्लंडचे तांबे आणू लागली. एकोणिसाव्या शतकात तयार पत्रा विलायतेहून मुंबई बंदरात उतरू लागला. पायधुणीजवळच्या एका भागाचे 'तांबाकाटा' हे नाव त्या व्यापाराची आठवण आजही देते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पुण्याच्या तांब्यापितळेच्या धंद्याची दखल घेतलेली आहे. लगडीपासून पत्रा ठोकण्याचे जे कष्ट होते ते तयार पत्र्याने संपविले. त्या वेळी पत्रा ठोकणाऱ्यांना आपले काम गेले असे वाटले असल्यास नवल नाही. परंतु घडण, डाख आणि मठार ही तीन कामे यंत्राने सहजासहजी साधत नव्हती. तीच आपली खरी पुंजी ठरली.

तांब्याचा व बागेचा नवा संबंध जुळला तो याच सुमारास, आणि तो जुळला दूर फ्रान्समध्ये. बोर्दो प्रांतातील द्राक्षमळ्यांचे मालक रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडीत असत. हेतू एवढाच की, वाटसरूंनी द्राक्षे चोरून खाऊ नयेत. त्या काळी केवडा रोगाने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त होत होते. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या असे लक्षात आले की, रस्त्याकडेच्या या निळ्या वेलींची पाने तेवढी हिरवी राहिली आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच 'बोर्डो मिश्रण' आज नाशिक भागातील द्राक्षबागाईतदारांना आणि कोकणातील सुपारीच्या बागांच्या मालकांना तोंडपाठ आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण.

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तो लोखंडाच्या भांड्यात कालविला तर लोखंडाला खातो आणि त्यावर तांब्याचा लाल थर चढवितो. म्हणूनच मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी बागाईतदार त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहतात. सुरीवर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला असे समजावे. अशा मिश्रणाच्या फवारणीला लोखंडी टाकी निरुपयोगी. तेव्हा फ्रान्समध्ये व्हर्मोरेल यांनी पाठीवर बांधावयाचा तांब्याच्या टाकीचा फवारणी पंप बनविला आणि तो द्राक्षाच्या मळ्यांतून सर्वत्र पसरला. प्लॅस्टिक येईपर्यंत तांब्यापितळेचे पंप हे बागाईतदाराच्या घरचे नेहमीचे साधन होते. याच सुमारास, १८८६ साली, इंग्लंडमध्ये जॉन हॉज यांनी सुधारलेल्या झारीचे पेटंट घेतले. भरलेली झारी उचलताना व वाकविताना तोल जाऊ नये अशा बेताने त्यांनी तिची मूठ व लांब तोटी योजिली होती. पाण्याचे भांडे घडविणे ही निव्वळ ठोकाठोक नसून त्यात तोलाचा विचार लागतो, हे आपल्या कळशीवाल्यांना कोणी शिकवावयास नको. परंतु तो विचार त्या गृहस्थांनी कागदावर उतरविला आणि त्याचा हक्क मिळविला, हे आपण केले नाही.

आता मातीकडे वळू. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला. आज किर्लोस्करांचे नाव जगभर गाजते. पण त्या पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. वास्तविक लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असे; तरीही सबंध नांगर लोखंडाचा म्हटल्यावर लोक बिचकले. कालांतराने शेतांनीच निकाल दिला. लोखंडी नांगराने जमीन खोल व चांगली नांगरली गेली, पिके आली, आणि ती शंका आपोआप मिटली.

या गोष्टीला चाळीसएक वर्षे लोटल्यावर नेमकी तीच शंका युरोपात नव्या वेषात उभी राहिली. ऑस्ट्रियातील व्हिक्टर शौबर्गर (१८८५-१९५८) हे वनखात्यात काम केलेले कल्पक गृहस्थ. लोखंडी नांगराने मातीतील पाण्याचे सत्त्व नाहीसे होते व तांब्याने ते टिकते, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी तांब्याचे पत्रे चढविलेल्या नांगरांचे प्रयोग केले आणि पीक वाढल्याचे सांगितले. त्यांच्या अनुयायांकडून तांब्याच्या बागहत्यारांचा प्रसार युरोपात झाला आणि आजही ती हत्यारे तेथे विकली जातात. त्यांच्या त्या मताला शास्त्रज्ञांची मान्यता मात्र मिळालेली नाही. शिवाय 'तांब्याची' म्हणून विकली जाणारी त्यांतील पुष्कळशी हत्यारे निव्वळ तांब्याची नसून कथील मिसळलेल्या मिश्रधातूची असतात. हे बारकावे आम्हांला आधी ठाऊक असते तर पुढे सांगितलेला प्रसंग ओढवला नसता.

इकडे आपल्या धंद्याची अवस्था काय झाली, हे वाचकांच्या घरातलेच आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे तोफगोळ्यांसाठी गेले. त्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर नियंत्रणे आली. मग स्टेनलेस स्टीलची भांडी आली, ज्यांना कल्हई नको आणि चिंचही नको. गॅस व विजेचा गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आळीतील ठोक्यांचा आवाज एकेका घरातून बंद होत गेला. मुले शिकली, कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली, परदेशीही गेली. यात वाईट काही झाले असे आम्ही मानीत नाही. परंतु ज्या घरांनी हातोडा ठेवला, त्यांनी तो कशाच्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न शिल्लक राहिला. आम्ही अशांपैकी एक.

हातात नवा माल असावा म्हणून आम्ही बागेच्या हत्यारांकडे वळलो. युरोपातील त्या हत्यारांची चित्रे पाहिली, त्यांची किंमत पाहिली आणि घाईने चाळीस खुरपी करून टाकली. पत्रा नेहमीचा भांड्यांचा वापरला, दुहेरी घडी घातली, मठार उत्तम दिला. दिसावयास ती इतकी सुरेख झाली की, आमच्या मनात यत्किंचितही शंका उरली नाही. वर चिठ्ठी लावली की, या खुरप्याने मातीचे आरोग्य वाढते व पीक जोमदार येते. पुण्याच्या एका प्रदर्शनात ती खुरपी दोन दिवसांत संपली.

पंधरवड्याने सासवडकडचे एक वयस्क अंजीरबागाईतदार दुकानात आले. त्यांनी पिशवीतून खुरपे काढून फळीवर ठेवले. ते मुठीपासून वाकले होते आणि धार चपटी झाली होती.

"शेठ, खुरपं तुमचं देखणं आहे, पण माझ्या रानाला ते पुरत नाही," ते म्हणाले. "आणि ही चिठ्ठी वाचा. माझ्या नातवानं वाचून दाखवली. हे खरं आहे का, एवढं सांगा."

आम्ही म्हणालो, "दादा, आम्ही असं वाचलं होतं."

"वाचलं होतं, की करून पाहिलं होतं?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यांचे पैसे परत केले. त्या आठवड्यात आणखी काही खुरपी परत आली. त्यांचेही पैसे दिले. जी गिऱ्हाइके ओळखीची होती त्यांना स्वतः जाऊन सांगितले. तांब्याची किंमत मोडीत वसूल झाली, पण चाळीस खुरप्यांची मजुरी पाण्यात गेली. त्याहून मोठा तोटा असा की, ज्या दुकानाच्या तराजूवर तीन पिढ्या कोणी शंका घेतली नव्हती, त्या दुकानाच्या शब्दावर शंका घेतली गेली. आमचे वडील तेव्हा हयात होते. ते रागावले नाहीत. त्यांनी वाकलेले खुरपे हातात घेऊन एवढेच म्हटले की, तांब्याकडून लोखंडाचे काम मागितले हा दोष तांब्याचा नव्हे.

त्यानंतर आम्ही काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. तांबे तापवून पाण्यात बुडविले की नरम पडते आणि थंड असता ठोकले की कडक होत जाते, हे तर आळीतल्या पोरालाही ठाऊक असते. लोखंडाचे तसे नाही. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की ते कडक होते. भांडे घडविताना आपण पत्रा पुनःपुन्हा तापवून नरम करतो, कारण त्याला आकार द्यावयाचा असतो. हत्याराला याच्या उलट रीत हवी. जाड पट्टी घ्यावी, आकार देऊन झाल्यावर शेवटचा ताव देऊ नये आणि धारेच्या कडेवर थंड ठोके द्यावेत, म्हणजे धार टिकते. बोथट झाली तर सहाणेवर घासण्याऐवजी ऐरणीवर पुन्हा ठोकावी. मुठीजवळ, जेथे वाकण्याचा सारा भार येतो, तेथे मधोमध उंचवटा काढावा. ज्यांना अधिक टणक हत्यार हवे त्यांच्यासाठी थोडे कथील मिसळलेला मिश्रधातू वापरावा आणि तसे स्पष्ट सांगून द्यावे.

इतके करूनही ते खुरपे काळ्या रानाच्या उन्हाळी ढेकळांसाठी नाही. कुंडीतली, गच्चीवरची, गादीवाफ्यातली भुसभुशीत माती हे त्याचे क्षेत्र. ते गंजत नाही. ओल्या मातीत रात्रभर राहिले तरी काळवंडते, फार तर हिरवट होते, पण लोखंडासारखे झिजून पापुद्रे सुटत नाहीत. वापरून जुने झाले तरी वजनाला मोल देते. एवढे गुण खरे आहेत, आणि विक्रीस एवढे पुरेसे आहेत. गोगलगाई तांब्याला भितात असेही पुष्कळ जण सांगतात. परंतु इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तांब्याच्या पट्टीसह असे घरगुती उपाय करून पाहिले आणि त्यांनी गोगलगाईंचा उपद्रव कमी होत नाही असे २०१८ साली जाहीर केले. तेव्हा आमच्या चिठ्ठीवर आता गोगलगाय नाही आणि मातीचे आरोग्यही नाही.

आमच्या दुकानात सर्वांत अधिक खप आहे तो झारीचा. यात आम्हांला आता आश्चर्य वाटत नाही. माहुरझरीच्या काळी झालेल्या वाटणीत पाणी आपल्या वाट्याला आले होते. ते अजून आपलेच आहे. झारीचे पोट, मूठ आणि तोटी यांचा तोल साधणे, तोटीचा जोड पक्का डाख देऊन गळू न देणे, जाळीची भोके अशी पाडणे की पाणी रोपावर मारा न करता पावसासारखे उतरावे, ही सारी कळशी व बंब घडविणाऱ्या हाताची कामे आहेत. गिऱ्हाइकाला मात्र आम्ही न विसरता सांगतो की, या झारीतून साधे पाणी घालावे. ताक, गोमूत्र, जीवामृत अथवा विरघळलेली खते यांत ठेवू नयेत. आंबट पदार्थ व गोमूत्र तांब्याला खातात, आणि तांब्याचा अंश झाडाला अल्प प्रमाणात हवा असला तरी अधिक झाला तर मुळांना अपाय करतो. काही गिऱ्हाइके हे ऐकून झारी न घेता जातात. त्यांपैकी कित्येक पुढे परत येतात.

धंद्याच्या हिशोबाविषयीही दोन शब्द लिहितो, कारण नव्याने या धंद्यात पडणारा तरुण तेथेच फसतो. तांब्याचा भाव आपल्या हाती नाही. तो लंडनच्या धातुबाजारात ठरतो. २०२० च्या मार्चमध्ये तो टनाला पाच हजार डॉलरच्या खाली होता आणि २०२४ च्या मे महिन्यात अकरा हजारांच्या घरात गेला. चार वर्षांत दुपटीहून अधिक! अशा वेळी रुपयांत नफा मोजणारा दुकानदार नकळत भांडवल खातो. समजा, कोणी ५०० रुपये भावाने १०० किलो तांबे घेतले. मजुरी वेगळी वसूल करून धातूचे त्याला ६०,००० रुपये आले. वहीत १०,००० रुपये नफा दिसतो. पण तोवर भाव ६५० झाला असेल तर त्या ६०,००० रुपयांत ९२ किलोच तांबे येते. म्हणजे आठ किलो भांडवल गेले, आणि ज्याला तो नफा समजून खर्च करील तोही भांडवलातूनच जाईल. आपले जुने लोक 'गल्ल्यात किती' याऐवजी 'काट्यावर किती' असे का विचारीत, हे आम्हांला या व्यवहारात पडल्यावर कळले. भांडवल किलोत मोजावे, मजुरी रुपयांत मोजावी आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट मोडीची. भांडी घेताना जुनी मोड देण्याची आपली चाल होती; तीच आम्ही बागहत्यारांत चालू ठेवली आहे. पावतीवर वजन लिहितो, आणि हत्यार परत आले तर त्या दिवशीच्या मोडीच्या भावाने घेतो. यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही आणि कच्चा मालही घरी येतो. लोखंडी खुरपे शेवटी भंगारात जाते. तांब्याचे खुरपे पुन्हा आपल्या भट्टीत येऊ शकते, ही सवलत सोडणे शहाणपणाचे नाही. तिसरी गोष्ट वेळेची. पावसाळ्याच्या तोंडी आणि दिवाळीनंतर, म्हणजे लोक रोपे लावतात त्या दोन मोसमांत, मुख्य विक्री होते. पुण्यात एम्प्रेस बागेतील फुलांच्या प्रदर्शनाच्या दिवसांत चौकशी वाढते. उरलेल्या महिन्यांत माल घडवावा, आणि जुनी झारी नीट करणे, डाख देणे, कल्हई करणे ही कामे घ्यावीत. केवळ विक्रीवर बसेल तो टिकणार नाही.

हा धंदा लहान आहे. त्याने आळीतील सर्व भट्ट्या पुन्हा पेटतील, अशी आशा दाखविण्याचा दोष आम्ही पत्करणार नाही. एकदा चिठ्ठीवर खोटे लिहून पाहिले, तेवढे पुरे झाले. परंतु एका घराला, दोन कारागिरांना आणि शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलाला तो काम देतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहत आहोत. लगडीऐवजी पत्रा आला तेव्हा, नियंत्रणे आली तेव्हा आणि स्टील आले तेव्हा, प्रत्येक वेळी आपल्या काही माणसांनी वस्तू बदलली आणि हात तोच ठेवला. त्यांच्यामुळेच मठार देणारा हात आज शिल्लक आहे. तो हात एका पिढीत थांबला तर पुढच्या पिढीला पुस्तकातून शिकविता येणार नाही. ठोका कोठे द्यावा हे सांगता येत नाही. शेजारी बसवून दाखवावे लागते.

यास्तव ज्ञातीच्या तरुणांना आमची एवढीच विनंती आहे की, ज्यांच्या घरी आजोबांची हत्यारे माळ्यावर असतील त्यांनी ती मोडीत घालू नयेत. सुटीच्या दिवसांत एखाद्या चालू भट्टीवर येऊन बसावे. नोकरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. आमच्या दुकानात रविवारी सकाळी झारीचे काम चालते; ज्ञातीतील कोणीही यावे. आणि घरात कोणी जाणते म्हातारे माणूस असेल तर त्यांना बरोबर आणावे, म्हणजे आमच्या चुका तरी आम्हांला वेळेवर कळतील.

ते अंजीरबागाईतदार गेल्या पावसाळ्यात पुन्हा आले होते. रोपवाटिकेसाठी त्यांनी दोन झाऱ्या घेतल्या. खुरपे मात्र त्यांनी लोहाराकडूनच घेतले, आणि आम्हीही त्यांना तेच सांगितले होते.